भाचा, मोटारसायकल आणि राज्यसत्ता

युद्धाचा मला दांडगा अनुभव आहे. १९७१ चं युद्ध मी वयाच्या आठव्या वर्षी अंबाजोगाईत, आमच्या घराच्या ओसरीवरून लढलो. खिडक्यांच्या काचांना काळा कागद चिकटवायचा, असं कुणीतरी सांगितलं होतं. आमच्या खिडक्यांना काचाच नव्हत्या, म्हणून मी कागद गजांना चिकटवला. शत्रूच्या विमानांना आपले दिवे दिसू नयेत हा हेतू. पण आमच्या आळीतले दिवे तेव्हा आळीतल्या माणसांनाच दिसत नसत, तिथं विमानांची काय कथा? कारगिलची लढाई मी १९९९ साली बसस्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर बसून मारली. त्यानंतरच्या सगळ्या लहानमोठ्या चकमकींत माझा सल्ला हजर होता. कोणी मागितला नाही, तरी मी दिला. एका कटिंग चहात मी दोनदा लाहोर घेतलेलं आहे.

राज्यसत्तेचा अनुभव तर याहून दांडगा. कारण छत्तीस वर्षं मी स्वतःच राज्यसत्ता होतो. हसू नका. राज्यसत्ता म्हटलं की तुम्हाला मंत्र्याची मोटार आठवते. खरी राज्यसत्ता एका लाकडी टेबलामागे, गादी फाटलेल्या खुर्चीवर बसलेली असते आणि तिच्या हातात रबरी शिक्का असतो. तो शिक्का माझ्याकडे होता. तो उमटला की माणूस गावचा रहिवासी व्हायचा. नाही उमटला, तर तीन पिढ्या त्याच गावात मेल्या तरी तो कुठलाच नसायचा. एकदा एका म्हातारीला मी तीन वेळा परत पाठवलं. तिच्या कागदात काही उणं नव्हतं. त्या आठवड्यात माझं डोकं दुखत होतं, एवढंच. डोकं आपलं दुखतं आणि पाय दुसऱ्याचे दुखतात, यालाच सत्ता म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. आणि निवृत्त होईपर्यंत मी ते कुणाला कळू दिलं नाही.

राहता राहिली मोटारसायकल. तिच्या बाबतीत मात्र अस्मादिकांची पाटी कोरी. मी लूनावाला. लूनाला पायडल असायचं, त्यामुळे पेट्रोल संपलं तरी माणसाची अब्रू जात नसे, फक्त दम जाई. चढाला ती मला नेत नसे, मी तिला नेत असे. असा आमचा संसार वीस वर्षं सुखाचा झाला.

तर अशा मला, धाकट्या बहिणीने एक दिवस निरोप धाडून बोलावून घेतलं. चहासुद्धा न विचारता ती म्हणाली,

"दादा, तुझ्या भाच्याला सांग की जरा समजावून."

"काय केलं त्यानं?"

"मद्रासला जायचं म्हणायलाय. गाडी गोल फिरवायला."

"गोल फिरवायला मद्रास कशाला? योगेश्वरीच्या देवळाला प्रदक्षिणा घाल म्हणावं. पुण्यही लागंल."

भाचेबुवा आतल्या खोलीतून ऐकतच होते. ते बाहेर आले. वय सव्वीस, दाढी छत्तीसची, आणि दारात उभी असलेली त्यांची केटीएम साताठ वर्षांची. नाव ऑस्ट्रियाचं आणि जन्म चाकणचा.

"मामा, ही शर्यत नाही. ह्याला ट्रॅक डे म्हणतात. आपण पैसे भरायचे, आपली गाडी न्यायची आणि शर्यतीच्या रस्त्यावर दिवसभर चालवायची. नंबर नाही, बक्षीस नाही."

"म्हणजे पैसे आपण द्यायचे?"

"हाव."

"पेट्रोल आपलं?"

"हाव."

"आणि शेवटी जिथून निघालो तिथंच यायचं?"

"हाव, मामा."

"अरे, मग हे सरकारी खात्यातही होतं. त्यासाठी मद्रासला कामून जायचं?"

विनोद चांगला होता, पण कोणी हसलं नाही. बहीण पदराला हात पुसत नुसती उभी राहिली. मला कारण माहीत होतं. ही पोरं दर रविवारी पहाटे धारूरच्या घाटात गाड्या पळवायला जायची. आदल्या वर्षी गेलेल्या पाचांपैकी एक अँब्युलन्समधून परत आला आणि एक परत आलाच नाही. त्या दिवसापासून भाच्याने गाडी घाटात घातली नव्हती. मात्र रोज संध्याकाळी तो ती पुसायचा. पुसून झाल्यावर परत पुसायचा.

"रस्त्यावर पळवायची नाही असं ठरवलंय मी," तो खाली मान घालून म्हणाला. "पण पळवायचीच नाही, असं नाही ठरवता आलं."

मी बहिणीकडे बघितलं. ती म्हणाली, "मग तू जा त्याच्यासंगं. गाडी नाही आली परत तरी चालंल."

आणि तिने दोन दिवसांचे धपाटे बांधायला घेतले. आमच्याकडे वाद संपल्याची ही खूण.

निघालो तो दिवस १७ सप्टेंबर होता. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. सकाळी मी झेंडावंदन केलं, दुपारी भाच्याने केटीएमला दोरखंडांनी पिकअपमध्ये उभी बांधली. तिची चाकं, हँडल, कंबर अशी सगळीकडून जखडलेली ती मूर्ती बघून शेजारच्या आजी म्हणाल्या, "काय बाई गुन्हा केला हिनं?" सोबत भाच्याचे दोन मित्र, त्यांच्या दोन गाड्या, एक ड्रायव्हर आणि धपाट्यांचं गाठोडं. लातूर, औसा करत आम्ही उमरग्याला सोलापूर–हैदराबाद रस्त्याला लागलो, आणि मी गप्प झालो. मी गप्प झालो की लोक घाबरतात.

"मामा, बरं वाटंना का?" ड्रायव्हर म्हणाला.

"बरंय. पण हा रस्ता आमच्या घरातला आहे," मी म्हणालो.

मग सांगावंच लागलं. १९४८ साली माझे वडील, म्हणजे अण्णा, बारा वर्षांचे होते. अंबाजोगाईला तेव्हा मोमिनाबाद म्हणत आणि वर राज्य निजामाचं. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला. आमच्याकडे स्वातंत्र्य यायला आणखी तेरा महिने लागले. आमच्या मानाने हा वेग फारच झाला. बीड शहरात रेल्वे यायला २०२५ सालचा १७ सप्टेंबर उजाडावा लागला.

ते तेरा महिने रझाकारांचे होते. जाळपोळ, लूट, खून. गावंच्या गावं उठून सरहद्दीपलीकडच्या छावण्यांत गेली. स्वामी रामानंद तीर्थ पूर्वी आमच्याच योगेश्वरी शाळेत मुख्याध्यापक होते; त्यामुळे त्यांना रस्त्यात कधी नमस्कार केलेला माणूसही संशयित. आमच्या आजोबांनी तर अनेकदा केला होता. एका रात्री कुणीतरी कुजबुजलं, की उद्या तुमच्या दारात येणार. तेव्हा आजोबांना सायकलच्या कॅरियरवर बसवून केजच्या पुढं नेऊन सोडलं ते कोपऱ्यावरच्या सायकल दुरुस्तीवाल्या चाचांनी. अण्णा सांगायचे, चाचा जाताना आजीला म्हणाले, "भाभी, फिकर नको. पंक्चर हुआ तो मैं हूँच."

१३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे हिंदी फौजा आत शिरल्या. मुख्य तुकडी सोलापूरकडून आली. पहिल्याच दिवशी नळदुर्ग पडला आणि पुढे ती ह्याच रस्त्याने जहीराबादकडे गेली. पाच दिवसांत खेळ आटोपला. ह्या मोहिमेचं फौजेतलं नाव 'ऑपरेशन पोलो'. हैदराबादेत पोलोची मैदानं फार, म्हणून ते ठेवलं असं सांगतात. लोकांसाठी मात्र ती 'पोलीस अ‍ॅक्शन'. हिच्यात रणगाडे होते, तोफा होत्या, विमानं होती, मेजर जनरल होते. पोलीस कुठं आहेत ते मात्र शोधावं लागे. सरकारी भाषेचं मला नवल नाही. मी स्वतः 'प्रकरण विचाराधीन आहे' असा शेरा मारून कागद खणात टाकत असे. त्या खणाने आयुष्यात कधी विचार केला नाही.

फौज आली तेव्हा आमच्याकडे साखर वाटली. आनंद खराच होता. तो ज्याला कळत नाही त्याने रझाकारांचं एक वर्ष काढून बघावं. पण १७ तारखेला निजामाने शस्त्रं खाली ठेवली, आणि त्यानंतरच्या दिवसांत रझाकार कोण आणि नुसता मुसलमान कोण, हे निवडत बसायला कुणाला सवड राहिली नाही. चाचांना आजीने धान्याच्या बळदात लपवलं. नऊ दिवस. आजोबा अजून परतले नव्हते. वरच्या झरोक्यातून ज्वारीची भाकरी आणि पाण्याचा तांब्या सोडायचं काम अण्णांकडे. दहाव्या दिवशी चाचा बाहेर आले, तेव्हा त्यांच्या दाढीत ज्वारीचा भुसा होता आणि अण्णांना हसू आलं. ते हसू अण्णा मरेपर्यंत विसरले नाहीत. कारण चाचांचा धाकटा भाऊ जवळच्याच खेड्यात राहायचा, आणि त्याला बळद मिळालं नव्हतं.

पुढे भारत सरकारनेच नेमलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने गावोगाव फिरून अहवाल दिला. कारवाईच्या वेळी आणि तिच्या नंतर मिळून सत्तावीस ते चाळीस हजार माणसं गेली असावीत, असा तिचा अंदाज. तो अहवाल इतका 'विचाराधीन' राहिला, की दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात लोकांना तो बघायला मिळेपर्यंत २०१३ साल उजाडलं. तोवर अण्णा गेले होते. त्यांना आकडा कधी कळला नाही, पण त्यांचं अडलंही नाही. दर १७ सप्टेंबरला ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून झेंडावंदनाला जात, छाती काढून उभे राहत, आणि परतताना चाचांच्या दुकानात तासभर बसत. दोघं काही बोलत नसत. मी एकदा विचारलं तेव्हा अण्णा म्हणाले होते, "जिंकलं कोण ते सगळ्यांना सांगितलं. थांबायचं कधी, ते कुणी सांगितलंच नाही."

पिकअपमध्ये कोणी बोललं नाही. केटीएम मात्र प्रत्येक खड्ड्याला दोरखंडात कण्हत होती.

शेवटी भाचाच म्हणाला, "मामा, हे तेच चाचा का, मोटारसायकलवाले?"

तेच. पुढे चाचांनी फौजेच्या डिस्पोजलमधली एक जुनी बीएसए घेतली आणि सायकलचं दुकान मोटारसायकलचं केलं. अण्णा त्याच गाडीवर शिकले. तिच्यावर तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या केल्याचं चित्र होतं. अण्णांनी घाबरून विचारलं तर चाचा म्हणाले, "बंदूकवालों ने बनायी, लेकिन गोली नै छोडती. खाली धुआँ छोडती."

इथं भाच्याचा बांध फुटला. मोटारसायकलच्या वंशावळी त्याला तोंडपाठ. बीएसए म्हणजे मुळात बर्मिंगहॅमचा हत्यारांचा कारखाना, १८६१ सालचा. आपली बुलेट, म्हणजे रॉयल एन्फील्ड, हिने रायफलचे भाग बनवले आणि 'बंदुकीसारखी घडवलेली' अशी जाहिरात अभिमानाने केली. १९५५ पासून मद्रासला ती तयार होऊ लागली तीही आपल्या फौजेला आणि पोलिसांना गाड्या हव्या होत्या म्हणून. जावा काढली ती यानेचेक नावाच्या झेक कारखानदाराने. हा गृहस्थ हातबॉम्ब आणि बंदुकांच्या धंद्यातला. लढाई संपली, मागणी आटली, तेव्हा त्याने १९२९ साली वांडरर कंपनीची मोटारसायकल उचलली आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरं जोडून 'जावा' केली. एस्कॉर्ट्‌सने तर आपल्या गाडीचं नावच 'राजदूत' ठेवलं होतं. आमच्याकडच्या दूधवाल्यांनी तिला चार कॅन बांधून वकिलातीचा कारभार चोख चालवला.

एकूण मोटारसायकल म्हणजे सेवानिवृत्त बंदूक. हे कळल्यापासून मला तिच्याबद्दल एकदम माया वाटू लागली. मीही सेवानिवृत्तच.

दुसऱ्या दिवशी सूर्य कलताना मद्रास आलं. (चेन्नई म्हणायला हवं, पण बहिणीच्या घरी अजून मद्रासच आहे.) भाचा म्हणाला, पूर्वी इकडच्या शर्यती शोलावरमला व्हायच्या. शोलावरम म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली विमानांची धावपट्टी. लढाई संपली, विमानं गेली, लांबलचक सरळ रस्ता रिकामा पडला. मद्रासच्या हौशी मंडळींनी १९५० नंतर त्यावर गाड्या घातल्या. विलायतेतही तेच. सिल्व्हरस्टोन हा वायुदलाचा विमानतळ. तिथली पहिली मोठी शर्यत झाली २ ऑक्टोबर १९४८ ला, म्हणजे आमची पोलीस अ‍ॅक्शन संपून पुरते तीन आठवडेही झाले नव्हते तेव्हा.

मी मनात जमाखर्च मांडला. युद्धाला नाव खेळाचं आणि खेळाला मैदान युद्धाचं. ह्या देवघेवीत मैदान देणाराचं नुकसान झालं नाही; नाव देणाराची मात्र उगाच बदनामी झाली. पोलो खेळताना मी तरी कुणाचं गाव जळालेलं ऐकलं नाही.

आताचा ट्रॅक इरुंगट्टुकोट्टईला आहे, श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे. नाव पाठ करायला मला दोन धपाटे लागले. १९९० पासून तो चालू आहे. एक फेरी पावणेचार किलोमीटरला थोडी कमी, वळणं बारा. श्रीपेरुंबुदूर म्हटल्यावर मला १९९१ चा मे महिना आठवला आणि राजीव गांधी आठवले. आपण लंकेत फौज पाठवली होती, तिचं नाव होतं 'शांतिसेना'. राज्यसत्तेला बारशाची फार हौस. पत्रिका मात्र ती कधी बघत नाही.

सकाळी सहाला हजर झालो. प्रथम फॉर्म आला. आमच्या अंबाजोगाईत दासोपंतांची पासोडी आहे. संतांनी अख्खा 'पंचीकरण' ग्रंथ एका लांबच लांब कापडावर लिहिला. तिच्यानंतर एवढा लांब मजकूर मी हाच बघितला. हात मोडला, पाय मोडला, प्राण गेला, तरी जबाबदारी आपली, असं नाना परींनी लिहिलेलं. मी मुरलेला कारकून, ओळन् ओळ वाचली आणि विचारलं, "शिक्का कुठाय?" शिक्का नव्हता. माणसाला मरायची परवानगी बिनशिक्क्याची देतात, हे बघून मी हादरलो. मग गाड्यांची तपासणी. रेडिएटरमधलं कूलंट काढून साधं पाणी भरलंय का, कारण ते सांडलं तर रस्ता निसरडा होतो. तेलाच्या बोल्टला तार बांधली आहे का. दिव्यांवर चिकटपट्टी मारलीय का, म्हणजे पडल्यावर काच विखुरणार नाही. सगळे नियम मागून येणाऱ्याच्या काळजीचे. छत्तीस वर्षांत मी एवढे नियम राबवले, पण मागून येणाऱ्यासाठी केलेला एकही मला आठवेना.

आरसेसुद्धा झाकले, नाहीतर काढले. मला हे फार आवडलं. आमच्या गावात बरीच मंडळी तीनशे वर्षांपूर्वीचा आरसा लावून गाडी चालवतात. मागचं एवढं स्पष्ट दिसतं, की समोरचा ट्रक दिसत नाही. पण भाच्याने माझा आनंद फार टिकू दिला नाही. "मामा, पंधरा-वीस मिनिटांपुरते झाकायचे. घरी जाताना परत लावायचे. रस्त्यावर मागचं दिसलंच पाहिजे." ह्या पोराला तर्कशास्त्र कोणी शिकवलं कोण जाणे. मला तरी अण्णांचा संशय आला.

मग शिकवणारे गुरुजी आले. वय माझ्या निम्मं. चामड्याचा सूट, पाठीवर कासवासारखं कवच, गुडघ्यांना प्लॅस्टिकच्या वड्या. वळणात गुडघा जमिनीला घासतो, त्यासाठी. आमच्याकडे गुडघे घासतात ते फक्त अर्जदार, आणि त्यांना वड्या पुरवायची सोय नाही. गुरुजींनी एकच गोष्ट दहा वेळा सांगितली. जिकडे बघाल तिकडे गाडी जाते. वळणाच्या बाहेरच्या टायरांच्या भिंतीकडे टक लावून बघाल, तर गाडी तुम्हाला तिथंच नेऊन घालील. बघायचं ते जायचंय तिकडं.

ड्रायव्हर माझ्या कानाशी लागला. "मामा, ह्येनला म्हणावं बीड जिल्ह्यात या. खड्ड्याकडं नाय बघितलं की खड्ड्यातच जातंय."

"आणि बघितलं की?"

"बघितलं तरी जातंयच."

आमचं हसणं गुरुजींना आवडलं नाही. पण मी मनातून गंभीर झालो होतो. टपरीवर आम्ही तीस वर्षं काय केलं? शत्रूकडे टक लावून बघत बसलो. पाकिस्तानात रुपयाचा भाव काय, ते आमच्या टपरीवर सगळ्यांना माहीत. आमच्या शाळेला गणिताचा मास्तर आहे का, हे कुणाला माहीत नाही. जिकडे बघाल तिकडे गाडी जाते म्हणतात. तेवढ्यावरून आम्ही कुठं चाललोत, त्याचा मला अंदाज आला.

शेवटी झेंडे. पिवळा म्हणजे पुढे काही घडलंय, कुणाला मागे टाकू नका. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय, जाऊ द्या तिला. चौकटीचा म्हणजे संपलं. आणि लाल म्हणजे थांबा. सगळ्यांनी. पुढच्याने, मागच्याने, ज्याची आयुष्यातली सर्वांत चांगली फेरी चालू आहे त्यानेही. वेग कमी करायचा, हात वर करायचा, गपचूप पिटमध्ये यायचं. कारण विचारायचं नाही.

भाच्याची पहिली फेरी गुरुजींच्या मागून, वरातीतल्यासारखी. दुसऱ्या खेपेला त्याला मोकळं सोडलं. तो आवाज मी कसा सांगू? कपडा फाटावा तसा. लांबच्या सरळ रस्त्यावरून एक ठिपका यायचा, समोरून फाटत जायचा, आणि वळणात असा आडवा व्हायचा की माझ्या पोटातले धपाटे उभे राहायचे. मी कठड्याला धरून मोजत होतो. एक फेरी, दोन, तीन. बहिणीने मला समजवायला पाठवलं होतं आणि मी मोजत होतो. चौथ्या फेरीत तो समोरून गेला तेव्हा, खरं सांगतो, माझ्या तोंडातून निघालं, "हाण!" बासष्टाव्या वर्षी. ज्याला लूनाच्या वेगाने चक्कर यायची त्या माणसाच्या तोंडून. वेगाची नशा नुसतं बघणाराला चढते, तर ज्याच्या मुठीत अ‍ॅक्सिलरेटर आहे त्याचं काय होत असेल? आणि ज्याच्या मुठीत अख्खी फौज आहे, त्याचं?

पाचव्या फेरीत तो आलाच नाही.

ठिपका दिसेना. आवाज विरत गेले. पलीकडच्या वळणाशी धुरळा उठलेला. आणि समोर उभ्या असलेल्या एका कृश पोऱ्याने लाल झेंडा उघडून हलवायला सुरुवात केली. मागोमाग दुसऱ्या वळणावर, तिसऱ्या वळणावर, सगळीकडे लाल. मी कठडा सोडला नाही, कारण सोडला असता तर पडलो असतो. बहिणीचं वाक्य कानात होतं. गाडी नाही आली तरी चालंल.

मग एकेक गाडी येऊ लागली. सावकाश, एक हात वर केलेली, शाळेत 'मी सर, मी सर' करणाऱ्या पोरांसारखी. पहिल्या रांगेत तीन. त्यातली दुसरी भाच्याची. त्याने हेल्मेट काढलं तेव्हा तोंड घामाने निथळत होतं.

"पडला कोण?" मी विचारलं. आवाज माझा नव्हता.

"हैदराबादचा एक जण. उठलाय. चालतोय."

"तू पुढं होतास?"

"मी त्याला मागं टाकायच्या बेतात होतो, मामा. फेरी लई चांगली लागली होती. झेंडा दिसला, सोडून दिली."

"वाईट वाटलं?"

त्याने थोडा विचार केला. "नाही वाटलं. धारूरच्या घाटात झेंडा घेऊन कुणी उभं नव्हतं."

एवढं बोलून तो गाडीकडे गेला. मी तिथंच टायरांच्या ढिगावर बसलो. तो कृश पोऱ्या झेंड्याची गुंडाळी करत होता. त्याला पगार तो किती असेल! पण त्याने एक कापड हलवलं आणि लाखालाखाच्या गाड्या, मोठमोठ्या बापांची पोरं, सगळी हात वर करून परत आली. मी छत्तीस वर्षं सत्तेत होतो, पण अशी सत्ता बघितली नव्हती. आमच्याकडच्या सत्तेला 'चला' म्हणता येतं. त्यासाठी तिच्याजवळ नावं आहेत, बिगुल आहेत, शिक्के आहेत. 'थांबा' म्हणणारा पोऱ्या मात्र आम्ही कधी नेमला नाही. १७ सप्टेंबर १९४८ च्या संध्याकाळी तसा एखादा पोऱ्या गावोगावच्या वळणावर उभा असता, तर चाचांचा धाकटा भाऊ सायकलच्या दुकानात बसला असता. आणि माझ्या टेबलापाशी एक जण उभा असता, तर ती म्हातारी तीनदा आली नसती.

हैदराबादचा तो मुलगा लंगडत आला. त्याच्या गाडीचं हँडल वाकलं होतं. ते सरळ करायला भाचा आणि त्याचे दोन्ही मित्र बसले. मी गाठोडं सोडलं आणि त्याला धपाटा दिला. शेंगदाण्याची चटणी त्याला फार तिखट लागली. अंबाजोगाई हैदराबादपुढे तेवढ्यात तरी जिंकली.

संध्याकाळपर्यंत अजून तीन खेपा झाल्या. शेवटी चौकटीचा झेंडा पडला, सगळे निघाले होते तिथंच परत आले, आणि कुणाचं काहीही कुणी घेतलं नव्हतं. योगेश्वरीच्या प्रदक्षिणेचं मी म्हणत होतो, ते अगदीच चुकलं नव्हतं.

घरी पोचलो तेव्हा बहीण दारातच होती. तिने आधी भाच्याचे हात बघितले, मग पाय, मग गाडी.

"कोण जिंकलं?" तिने विचारलं.

"कुणीच नाही," मी म्हणालो.

"बरं झालं बाई," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.

टपरीवर मी अजूनही जातो. परवा एकजण लाहोरच्या वेशीपर्यंत पोचला होता. मी खिशातला लाल रुमाल काढून टेबलावर ठेवला. त्याला वाटलं मी घाम पुसतोय. त्याने लाहोर घेतलंच. पण चहाचे पैसे द्यायची वेळ आली तेव्हा मी रुमाल हलवला, आणि काय सांगू, सगळे थांबले.